रॅम बदलली, फॉरमॅट मारला, तरी निळा स्क्रीन परत: नव्या पीसीतली खराब मेमरी कशी पकडायची

धाकट्या भावाचं सांगलीत डीटीपीचं काम आहे. दिवाळी अंकांची घाई सुरू व्हायच्या आत, जुलैमध्येच, त्याला नवा पीसी असेंबल करून दिला. रायझन ५ ५६००, बी५५० चा मदरबोर्ड, डीडीआर४ ३२०० रॅमच्या १६-१६ जीबीच्या दोन स्टिक (पट्ट्या), १ टीबीची एनव्हीएमई डिस्क. बटण दाबताच डिस्प्ले आला, विंडोज टाकलं, फॉन्ट चढवले, आणि मी निर्धास्त होऊन घरी आलो.

दहाव्या दिवशी त्याचा फोन. "दादा, स्कॅनर बिघडलाय बहुतेक. वारीच्या फोटोचा खालचा अर्धा भाग गुलाबी होतोय."

फोटो मागवून बघितला. वरच्या भागात पताका, टाळकरी, सगळं जिथल्या तिथं. मध्येच एका आडव्या रेषेपासून खाली मात्र रंग बदललेले आणि चित्र थोडं बाजूला सरकलेलं. स्कॅनरमधून आलेली मूळ फाइल पेन ड्राइव्हवर होती, ती ठीक होती. या पीसीवरून कॉपी झालेली तेवढी बिघडली होती. जेपेग फाइलमध्ये एक बिट जरी इकडचं तिकडं झालं तरी तिथून पुढचं सगळं चित्र असं घसरू शकतं. हे मला माहीत होतं, तरी त्या दिवशी डोक्यात आलं नाही. पुढचे पाच आठवडे आम्ही आग सोमेश्वरी आणि बंब रामेश्वरी नेत राहिलो. ज्यांचा नवा पीसी असाच त्रास देतोय त्यांचे पाच आठवडे वाचावेत म्हणून हे सविस्तर लिहितोय.

लक्षणं कशी दिसतात

खराब रॅम "मी रॅम आहे" असं सांगत नाही. ती दुसऱ्याच कुणाचं तरी नाव पुढं करते. आमच्याकडं फोटोनंतर झिप उघडताना सीआरसी एरर (फाइलचा ताळा न जुळल्याची सूचना) येऊ लागली, म्हणून वाटलं डाउनलोड अर्धवट झालंय. मग ब्राउझरचे टॅब आपोआप पडायला लागले, तेव्हा एक्स्टेन्शन काढून टाकली. एकदा सॉफ्टवेअरचा इन्स्टॉलर ७० टक्क्यांवर अडकला आणि दुसऱ्या वेळी तोच इन्स्टॉलर सुरळीत पार पडला. शेवटी निळे स्क्रीन आले, आणि दर वेळी वेगळं नाव: एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट इन नॉनपेज्ड एरिया, एकदा आयआरक्यूएल नॉट लेस ऑर इक्वल.

हे वेगवेगळं असणं हीच पहिली खूण. ड्रायव्हर खराब असेल तर बहुतेक वेळा तोच ड्रायव्हर, तीच कृती आणि तोच एरर कोड पुन्हा पुन्हा दिसतो. रॅम खराब असेल तर त्या बिघडलेल्या जागेवर त्या क्षणी जे काही ठेवलेलं असेल ते नासतं. कधी फोटो, कधी विंडोजच्या गाभ्याचा तुकडा, तर कधी कुणी वाचणारच नाही अशी रिकामी जागा. म्हणून दोन दिवस काहीच होत नाही आणि तिसऱ्या दिवशी तासाभरात तीनदा रीस्टार्ट होतो.

दुसरी खूण आमच्याकडं स्पष्ट होती, फक्त ती कुणी लिहून ठेवली नव्हती. पीसी सकाळी बरा चालायचा आणि दुपारी बिघडायचा. रॅममधल्या डीरॅम चिपमध्ये प्रत्येक बिट म्हणजे एका अतिसूक्ष्म कपॅसिटरमधला विजेचा भार. तो सतत गळत असतो, म्हणून डीडीआर४ मध्ये सर्वसाधारण तापमानाला दर ६४ मिलिसेकंदांच्या आत प्रत्येक ओळ पुन्हा भरली जाते. एखादी पेशी, म्हणजे असा एक कपॅसिटर, कमकुवत असेल तर तिचा भार तेवढा वेळही टिकत नाही, आणि तापमान वाढलं की गळती आणखी वाढते. कॅबिनेट गार असताना ती कशीबशी तग धरते, ग्राफिक्स कार्ड तापलं की हात टेकते. १६ जीबीच्या एका स्टिकमध्ये असे १३,७०० कोटींहून जास्त बिट असतात. त्यातलं एक कच्चं असलं तरी पुरतं.

दुकानातला तंत्रज्ञ मला म्हणाला होता, "सर, रॅम कधी जात नाही हो. एसएमपीएस बघा." एसएमपीएस म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा. माणूस अनुभवी होता आणि मनापासून सांगत होता, पण हा समज सोडून द्यायला हवा. गूगल आणि टोरांटो विद्यापीठाच्या संशोधकांनी २००९ साली गूगलच्या सर्व्हरांमधल्या रॅमचा मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात वर्षभरात ८ टक्क्यांहून जास्त मॉड्यूलांमध्ये किमान एक तरी चूक नोंदली गेली होती. त्या सर्व्हरांत ईसीसी (रॅममधली चूक ओळखून दुरुस्त करणारं तंत्र) होतं, म्हणून चूक पकडली आणि दुरुस्त केली गेली. आपल्या घरच्या पीसीत सहसा ते नसतं, त्यामुळं चूक गुपचूप फाइलमध्ये जाऊन बसते. डीडीआर५ च्या चिपमध्ये ईसीसी असतं हे खरं, पण ते चिपच्या पोटातल्या चुकांपुरतं. चिपपासून प्रोसेसरपर्यंतच्या वाटेवर काय होतं ते त्याला दिसत नाही. "माझी डीडीआर५ आहे, मला काळजी नाही" असं कुणी समजू नये.

आधी काम थांबवा

रॅमचा नुसता संशय आला तरी पहिली गोष्ट ही: त्या पीसीवर महत्त्वाच्या फाइली उघडून सेव्ह करणं बंद करा. बॅकअपसुद्धा त्या पीसीवरून घेऊ नका. प्रत्येक कॉपी रॅममधूनच जाते, म्हणजे चांगल्या फाइलवर खराब फाइल लिहिली जाण्याचा धोका असतो. आम्ही नेमकं उलटं केलं. "काहीतरी बिघडलंय, आधी सगळं बाहेर काढून ठेव," असं मीच भावाला सांगितलं, आणि त्यानं रात्री बसून जुन्या एक्स्टर्नल डिस्कवरचा चांगला बॅकअप नव्या कॉपीनं झाकून टाकला. डिस्क काढून दुसऱ्या धड पीसीला लावा आणि तिथून कॉपी करा.

बिघाड स्टिकचा की सेटिंगचा?

स्टिक खराब आहे असं ठरवण्याआधी एक्सएमपी (बायोस म्हणजे मदरबोर्डाच्या मूळ सॉफ्टवेअरमधलं, रॅम जास्त वेगानं चालवणारं तयार सेटिंग) बंद करून बघा. एएमडीच्या डीडीआर५ बोर्डांवर त्याला एक्स्पो म्हणतात, काही बोर्डांवर डीओसीपी. खोक्यावर छापलेला वेग बऱ्याचदा या प्रोफाइलमुळं मिळतो. ते बंद असताना रॅम जेडेक या मानकं ठरवणाऱ्या संस्थेच्या ठरलेल्या, कमी वेगावर आणि कमी व्होल्टेजवर चालते: डीडीआर४ साठी १.२ व्होल्ट. एक्सएमपी लावल्यावर ३२०० च्या बऱ्याच स्टिक १.३५ व्होल्टवर जातात.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्यावी. स्टिक त्या वेगाला धावेल याची हमी स्टिकवाला देतो, पण मेमरी कंट्रोलर प्रोसेसरमध्ये असतो, आणि त्याची हमी वेगळी असते. रायझन ७००० मालिकेत दोन स्टिक असतील तर एएमडीचा अधिकृत वेग ५२००, आणि चारही स्लॉट भरले तर फक्त ३६००. चार स्टिक घालून ६००० चा एक्स्पो लावला आणि पीसी हँग होऊ लागला, तर स्टिकचा दोष नसण्याचीच शक्यता जास्त. दोन काढून ठेवा किंवा वेग उतरवा.

एक्सएमपी बंद केल्यावर त्रास पूर्ण थांबला तर वेग एक पायरी उतरवून बघा, बोर्डाचं बायोस जुनं असेल तर अपडेट करा. मात्र बायोस अपडेट करताना रॅम कमी वेगावरच ठेवा. रॅम डळमळीत असताना बायोस लिहायला घेणं फार धोक्याचं आहे. बोर्डाला फ्लॅशबॅकचं (पेन ड्राइव्हवरून थेट बायोस लिहिणारं) बटण असेल तर तेच वापरा.

एक्सएमपी बंद करूनही चुका येत असतील तर स्टिकवरचा संशय बळावतो. आमच्याकडं तसंच झालं.

चाचणी

विंडोजमध्ये मेमरी डायग्नोस्टिक आहे. स्टार्टमध्ये शोधून चालवा, चाचणी सुरू झाल्यावर एफ१ दाबून एक्स्टेंडेड निवडा. तिनं चूक दाखवली तर ती खरी माना. चूक नाही म्हणाली तर मात्र विश्वास ठेवू नका. आमची स्टिक तिच्यातून साफ सुटली होती, आणि त्यामुळंच दोन आठवडे वाया गेले. त्या निर्धास्तपणात आम्ही एसएमपीएस बदलला आणि एनव्हीएमई बदलली. प्रत्येक वेळी फॉरमॅट मारला.

खरी चाचणी पेन ड्राइव्हवरून करायची. मेमटेस्ट८६ प्लस हे मुक्त आणि मोफत आहे, २०२२ च्या सहाव्या आवृत्तीपासून ते यूईएफआयवरही (नव्या पद्धतीच्या बायोसवरही) चालतं. पासमार्कचं मेमटेस्ट८६ वेगळं. त्याच्या मोफत आवृत्तीत एका वेळी चार फेऱ्या मिळतात. दोन्हींपैकी कोणतंही चालेल. सेक्युअर बूट (फक्त मान्य सॉफ्टवेअरच सुरू होऊ देणारी सोय) आड आलं तर बायोसमध्ये तेवढ्यापुरतं बंद करावं लागेल. त्याआधी बिटलॉकर (डिस्क कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू आहे का ते बघा आणि असेल तर रिकव्हरी की कागदावर उतरवून घ्या. नाहीतर विंडोज ती की मागेल आणि तुम्ही नव्याच संकटात पडाल.

आमच्या ३२ जीबीला एक फेरी दीड-दोन तास लागली. एका फेरीवर समाधान मानू नका, रात्रभर चालू द्या. आणि कॅबिनेटचं झाकण लावूनच चालवा, कारण रोजचं काम झाकण लावूनच होतं. उघड्या कॅबिनेटवर पंखा मारत घेतलेल्या चाचणीला काही अर्थ नाही.

त्या रात्री बाराच्या सुमारास पहिली लाल ओळ उमटली. पत्ता, काय लिहिलं होतं, काय परत आलं, असे रकाने. लिहिलेल्या रकान्यात ओळीनं सगळे एफ. परत आलेल्या रकान्यात सगळे एफ, फक्त शेवटून तिसऱ्या जागी डी. या सोळा चिन्हांच्या (हेक्स) पद्धतीत एफ म्हणजे १ १ १ १ आणि डी म्हणजे १ १ ० १. एकाचा शून्य झाला होता, बस्स तेवढंच. पुढच्या फेरीत तोच पत्ता, तेच बिट, तोच डी. वारीचा फोटो गुलाबी करणारा तो शून्य मी भावाला स्क्रीनवर बोट ठेवून दाखवला.

एकच पत्ता पुन्हा पुन्हा येत असेल तर पेशी खराब आहे असं जवळजवळ धरून चाला. पत्ते सगळीकडं विखुरलेले आणि दर वेळी वेगळे असतील तर व्होल्टेज, वेग, बसवणूक किंवा प्रोसेसरकडं आधी बघा. आणि किती चुका चालतात असं काही नसतं. एक चूकही चालत नाही.

वही घ्या, एका वेळी एकच गोष्ट बदला

दोन स्टिक, दोन स्लॉट. स्टिकवर पांढरी चिकटपट्टी लावून अ आणि ब लिहा. स्लॉटांची नावं बोर्डावर छापलेली असतात. चार स्लॉटांच्या बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरपासून मोजून दुसरा आणि चौथा स्लॉट आधी भरायचा असतो, तरी मॅन्युअलमधला तक्ता एकदा बघून घ्या. नवख्यानं जोडलेल्या पीसीत पहिल्या दोन स्लॉटांत रॅम बसवलेली मी बऱ्याचदा पाहिली आहे. तेवढं बदलल्यानंही त्रास मिटू शकतो.

वीज पूर्ण काढा, मागचं बटण बंद, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून उरलेला भार जाऊ द्या, कॅबिनेटच्या धातूला हात लावा आणि मगच स्टिकला हात घाला. स्टिक कडेनं धरा. बसवताना दोन्ही टोकांना सारखा जोर देऊन दाबा, खिट्टी "कट" असा आवाज करून बसली पाहिजे. काही बोर्डांना एकाच बाजूला खिट्टी असते. तिथं दुसरं टोक अर्धवट वर राहतं आणि वरून कळतच नाही. टॉर्च लावून बघा.

आमच्या वहीत असं आलं: अ दुसऱ्या स्लॉटमध्ये, रात्रभर एकही चूक नाही. ब त्याच स्लॉटमध्ये, वीस मिनिटांत चूक. अ चौथ्या स्लॉटमध्ये, साफ. ब चौथ्यात, पुन्हा चूक, तेच बिट. चार ओळींत निकाल लागला. चूक स्टिकबरोबर फिरली, तर स्टिक खराब.

चूक स्टिकबरोबर न फिरता स्लॉटमध्येच राहिली तर प्रकरण वेगळं. स्लॉटमध्ये धूळ किंवा पॅकिंगचा तुकडा आहे का बघा. प्रोसेसरचा कूलर एका बाजूला जास्त आवळला गेला असेल तर सॉकेटवरचा दाब बिघडतो आणि एक मेमरी चॅनल गायब होतं. कूलर सैल करून तिरक्या क्रमानं, थोडं थोडं आवळत पुन्हा बसवा. इंटेलच्या आणि एएम५ च्या बोर्डांवर सॉकेटमधली पिन वाकलेली असू शकते. ती टॉर्चच्या तिरक्या उजेडात रांगेतून वेगळी चमकते. ती स्वतः सरळ करायला जाऊ नका, फोटो काढून दुकानदाराला दाखवा.

खोडरबराचं सांगायलाच हवं. रॅमचे सोनेरी संपर्क खोडरबरानं घासणं हा आपल्याकडं पहिला उपाय असतो. कोकणातल्या पावसाळ्यात वर्षानुवर्षं राहिलेल्या जुन्या स्टिकवर थर बसतो, तिथं त्यानं फरक पडतो, हे मी स्वतः पाहिलं आहे. पण खोक्यातून नुकत्याच काढलेल्या स्टिकवर घासण्यासारखं काही नसतं. उलट सोन्याचा तो पातळ मुलामा जातो, रबराचा चुरा स्लॉटमध्ये पडतो, आणि वॉरंटीला पाठवताना ओरखडे दिसतात ते वेगळंच. पुसायचंच असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड.

डिस्प्लेच येत नसेल तर

डीडीआर५ असेल तर आधी थांबा. पहिल्यांदा चालू करताना मेमरी ट्रेनिंग (बोर्डाचं रॅमशी जुळवून घेणं) चालतं, स्क्रीन काळा राहतो आणि काही मिनिटं जाऊ शकतात. घाबरून मध्येच वीज काढली तर सगळं पहिल्यापासून सुरू होतं. पुरेसं थांबूनही बोर्डावरचा डीरॅमचा दिवा विझत नसेल तर एकच स्टिक, मॅन्युअलनं सांगितलेल्या स्लॉटमध्ये लावा आणि सीमॉस क्लिअर करा (बायोसची सेटिंग मूळ स्थितीला आणा). त्यानंही नाही झालं तर दुसरी स्टिक लावून बघा. यापलीकडं घरी करण्यासारखं फार नसतं.

बदलून घेताना

जोडी घेतली असेल तर दोन्ही स्टिक एकत्र परत करा. दुकानदारानं आम्हाला "खराब आहे तेवढीच बदलून देतो" असं सांगितलं होतं. मी नको म्हटलं. मॉडेल नंबर तोच असला तरी आतल्या चिप वेगळ्या बनावटीच्या असू शकतात, आणि जोडी म्हणून तपासलेल्या स्टिकची जोडी मोडली की एक्सएमपीचा त्रास नव्यानं सुरू होऊ शकतो. सोबत जीएसटीचं बिल, स्टिकवरच्या सीरियल नंबरचा फोटो आणि मेमटेस्टच्या लाल ओळींचा फोटो ठेवा. तो फोटो दाखवल्यावर आमच्याकडं वाद मिटला. त्याआधी "आमच्याकडं लावून बघितली, चालते की," हेच ऐकू येत होतं. दुकानात पाच मिनिटं चालवून बघण्यातून ही चूक सापडत नाही, हे त्यांनाही शांतपणे समजावून सांगावं लागतं.

नवी रॅम आली, तरी निळा स्क्रीन

सगळ्यात जास्त लोक इथं फसतात, आणि आम्हीही फसलो. नवी जोडी लावली, तिसऱ्या दिवशी पुन्हा निळा स्क्रीन. भाऊ म्हणाला, "दादा, ही पण खराब दिली त्यांनी." मलाही क्षणभर तसंच वाटलं.

पण नवी जोडी मेमटेस्टमध्ये चार फेऱ्या साफ निघाली. मग लक्षात आलं की आत बसलेलं विंडोज जुन्या रॅमनं टाकलेलं होतं. इन्स्टॉल होताना प्रत्येक फाइल त्या खराब रॅमच्या वाटेनं डिस्कवर गेली होती. रॅम बदलली, पण डिस्कवर लिहिल्या गेलेल्या चुका तशाच राहिल्या. आमचे आधीचे दोन फॉरमॅट का वाया गेले तेही तेव्हाच कळलं. दोन्ही खराब रॅमवरच मारले होते.

म्हणून क्रम असा ठेवा. नवी स्टिक लावा, आधी एक्सएमपी बंद ठेवून आणि मग चालू करून रात्रभर मेमटेस्ट घ्या, आणि ती साफ निघाल्यावरच विंडोज नव्यानं टाका. एसएफसी आणि डिझम ही विंडोजची दुरुस्तीची साधनं चालवून विंडोजच्या स्वतःच्या फाइली दुरुस्त होतात, पण ड्रायव्हर, इतर सॉफ्टवेअर आणि तुमच्या कामाच्या फाइली त्यांच्या कक्षेत येत नाहीत. इन्स्टॉलेशनचा पेन ड्राइव्हसुद्धा त्याच पीसीवर बनवला असेल तर तोही दुसऱ्या पीसीवर पुन्हा बनवा.

मेमटेस्ट साफ आहे, विंडोज नवं आहे, तरी खेळताना किंवा रेंडर करताना पीसी पडत असेल, तर ओसीसीटी किंवा टेस्टमेम५ यांसारखं ताण देऊन तपासणारं सॉफ्टवेअर विंडोजमध्ये चालवून बघा. मेमटेस्टच्या वेळी ग्राफिक्स कार्ड गार असतं, त्यामुळं कॅबिनेटमधली खरी उष्णता त्या चाचणीत येत नाही.

फाइलींची शहानिशा करायची असेल तर विंडोजच्या कमांड प्रॉम्प्टमध्ये सर्टयुटिल आहे. त्याच्या हॅशफाइल पर्यायानं चार-पाच जीबीच्या एखाद्या फाइलचा एसएचए२५६ (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढा, पीसी रीस्टार्ट करून पुन्हा काढा. दोन्ही आकडे अक्षरन् अक्षर सारखे यायला हवेत. रीस्टार्ट न करता लगोलग काढला तर फाइल रॅममध्येच साठलेली असते, आणि चूक असली तरी दोन्ही वेळा तीच चूक येऊ शकते.

भावाच्या अंकाचे फोटो आम्ही मूळ पेन ड्राइव्हवरून आणि लेखकांच्या मेलमधून पुन्हा गोळा केले. लेखांच्या फाइली एकेक उघडून, छापील प्रुफाशी ताडून बघितल्या. त्यात चार रविवार गेले. एका कवितेत "चंद्र"चा "चंत्र" झालेला सापडला. ती टायपिंगची चूक होती की त्या शून्याची, हे आता सांगता येणार नाही, पण कवीच्या हस्तलिखिताशी ताडून ती दुरुस्त करून घेतली.